देवळात दिलेला हात

देवीच्या प्रसादाचे लाडू करताना माझा हात भाजला. हे मी कुणाला सांगते तेव्हा ऐकणारा घाईने हाताची चौकशी करायला लागतो, कारण त्याच्या मनात जे येतं ते तोंडावर आणायचं त्याच्या जिवावर येतं. माझ्याही मनात तेच आलं होतं आणि मी ते बोलून मोकळी झाले होते. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या मी देवीला विचारलं होतं, मी तुझ्याच कामाला बसले होते ना, मग तुझं लक्ष होतं कुठे? शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, मी आमच्या यांच्याशी भांडते आहे. यांच्याशी भांडण असतं तर ते संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. देवीशी धरलेला अबोला मात्र पुढे कित्येक महिने टिकला, आणि तो कसा सुटला ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांची नोकरी मुंबईत आणि मुंबईत घर घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वसईत आलो. पापडी गावाच्या बाजूला एका जुन्या वाडीतली झाडं तोडून इमारती उठल्या होत्या, त्यातल्या एकीत आमचं घर. इमारतीत सगळे आमच्यासारखेच, कोणी देशावरचे, कोणी कोकणातले. गावातली जुनी माणसं आसपासच राहत होती, पण त्यांच्याशी येणंजाणं दुधापुरतं आणि भाजीपुरतं. इमारतीच्या मागे तळं आणि तळ्याच्या काठी देवीचं लहानसं देऊळ. नव्या जागी माझं मन रमेना, तेव्हा मी दुपारची तिथे जाऊन बसायची. हळूहळू शुक्रवारची वेणी माझ्याकडे आली. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी ओल्या फडक्यात बांधून यायच्या आणि मी एका बैठकीत वेणी गुंफून काढायची. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्या तिघांचं ते काम. कळी दोऱ्यात नीट बसली की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत नाही, बोटांना कळतं. माझी वेणी चढली की दर्शनाला आलेल्या बायका विचारायच्या, आज कुणाची? मला ते विचारणं फार आवडायचं. खोटं कशाला बोलू!

नवरात्रात लाडवांच्या पाकाचं मोठं पातेलं उतरवताना सांडशी सटकली आणि पाक उजव्या मनगटावर आणि तळव्यावर आला. तेल निदान ओघळून जातं. पाक चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो. पुढे मांडीची कातडी काढून मनगटावर लावली, जखम भरली, संक्रांतीला मी डाव्या हाताने का होईना तिळगूळ वाटला. सगळे म्हणाले, सुटलीस. पण भरलेल्या जागी जाड, तांबूस, ताठ कातडी आली आणि तिने हात आतल्या बाजूला ओढून धरला. त्यातच बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी पहाटे, मग दिवसाढवळ्या. नेमकी तीच बोटं, अंगठा आणि शेजारची दोन. पुढे पुढे मुंग्याही कमी झाल्या आणि बोटं बधिर झाली. हातातला चमचा पडला तरी आवाज झाल्यावर कळायचं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मनगटात एक अरुंद बोगदा असतो, बोटांकडे जाणारी नस त्यातून जाते. भाजल्यावरची सूज आणि वरून आवळत जाणारा व्रण, यात माझी नस चेपली गेली होती. ऑपरेशन करून ती मोकळी करता येते, पण ठिगळ लावलेल्या कातडीवर पुन्हा सुरी चालवायला ते राजी नव्हते. पावसाळाभर फिजिओथेरपी करा, म्हणाले, पावसाळा सरल्यावर बघू. बोटांत जीव आला तर ठीक. नाही आला तर कापावं लागेल, आणि कापूनही सगळं परत येईलच असं मी सांगत नाही.

बाजाराजवळ एका वरच्या मजल्यावर ते फिजिओथेरपीचं केंद्र होतं. तिथल्या मॅडम वयाने लहान, कानात मोत्याचे टॉप्स, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "नमस्कार करा. उलटा." म्हणजे दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवायच्या, बोटं जमिनीकडे, आणि तसंच धरून राहायचं. थोड्या वेळातच बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. "हो, नसच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आता सुलटा करा." तो काही होईना. तळवे जवळ यायचे, बोटांची टोकं कशीबशी टेकायची, पण उजवं मनगट मागे वळायलाच तयार नाही. मध्ये एवढी फट राहायची की त्यात पेढा बसला असता. मॅडम म्हणाल्या, हाच आपला व्यायाम, रोज करायचा. ही फट मिटवायची आणि बोटांना पुन्हा शिकवायचं.

नमस्कार हेच औषध, हे ऐकून दुसरी कोणी सुखावली असती. मी घरी येऊन ठरवून टाकलं की दोन्ही हात नीट जोडता येईपर्यंत देवळाची पायरी चढायची नाही. रिक्षातून जाताना लोक करतात तसला एका हाताचा नमस्कार मला देवीपुढे करायचा नव्हता. तिनेच हात मोडला, आता तिलाच नमस्काराची गरज असेल तर तिने जोडून द्यावा. वेणी दुसरं कोणीतरी करायला लागलं होतं. ती कशी होते हे मी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं तर ऐकलंही नाही.

केंद्रात माझ्या वेळेला आणखी एक बाई यायची. फिलूबाय. नाव फिलोमिना, पण सगळे फिलूबाय म्हणत. पापडीतल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, साठीच्या पुढची, लाल चौकड्यांचं लुगडं, अंगाला कायम कांद्याचा आणि कडक उन्हाचा वास. भाचीच्या लग्नाचे फुगे, म्हणजे त्यांच्याकडे तळतात ते गोल गोड पाव, तळताना कढई कलंडली आणि तिचा डावा हात भाजला. पहिल्याच दिवशी माझी हकिगत ऐकून ती पोट धरून हसली होती. "तू लाडू, मी फुगे! दोघींनी मिळून एक लग्न काढलं असतं, बाय."

मला हसू आलं नाही. मी बघत होते की तिचा डावा आहे आणि माझा उजवा. म्हणजे इथेही पक्षपात. ती उजव्या हाताने जेवते, केस विंचरते, रिक्षावाल्याला हात करते, आणि मी आमच्या यांच्याकडून पोलक्याची बटणं लावून घेते. बरं, भाजली माझ्यानंतर आणि बरी व्हायला लागली माझ्याआधी. तिलाही बोटांना मुंग्या यायच्या, त्या पावसाळ्याच्या तोंडाशीच गेल्या. माझ्या व्रणावर मॅडम थंड जेल लावून मशीन फिरवायच्या, खोबरेल तेलाने दाबून दाबून चोळायच्या, रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला सांगायच्या, हाताला चापून बसणारा मोजा दिवसभर घालायला लावायच्या. मी हे सगळं शाळेतल्या हुशार मुलीसारखं करत होते. फिलूबाय मोजा घरी विसरायची, पट्टी तिच्या मांजरीने पळवली होती, आणि व्यायाम करताना तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. तरी तिचीच बोटं उघडत होती.

तिथे एका कोपऱ्यात गरम मेणाचं भांडं होतं. त्यात हात बुडवून काढायचा, मेणाचा थर बसतो, आखडलेले सांधे सैल होतात. मुंग्या गेल्यावर मॅडमनी फिलूबायला मेण सुरू केलं. मी त्या भांड्यापासून लांबची खुर्ची धरायची. पाकानंतर पुन्हा गरम काही अंगावर घ्यायची माझी छाती नव्हती. पण मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला नाहीच देणार. बोटांना गरम कळत नाही तोवर मेण नाही." झालं. जे मला नको होतं तेच तिला मिळतंय म्हणून माझा जीव वरखाली व्हायला लागला. ती डोळे मिटून हात मेणात घालायची, ओठांत काहीतरी पुटपुटायची, आणि मी समोर बसून तांदळात बोटं खुपसायची.

तांदळाचं सांगायला हवं. बधिर बोटांना शिकवण्यासाठी एका वाडग्यात तांदूळ आणि त्यात लपवलेल्या वस्तू असायच्या, बटण, राजमा, किल्ली, खडू. डोळे मिटून शोधायच्या आणि हातात काय आलं ते सांगायचं. मी राजमा म्हणायची आणि निघायचं बटण. किल्ली बोटांत धरून मी विचारायची, हातात काही आहे का? ज्या बोटांना दोऱ्यातली कळी कळायची त्यांना किल्ली कळत नव्हती. एकदा वाडगा मी जरा जोरातच सरकवला आणि तांदूळ जमिनीवर सांडले. फिलूबाय वाकून एका हाताने ते भरायला लागली. म्हणाली, "येईल गो. मी तर देवळात हात देऊन टाकला. आता त्याचं तो बघेल."

आमच्या वसईत नव्याने आलेल्या माणसाने अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही. देऊळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तळ्याकाठचं एकच देऊळ आलं. म्हणजे मी इकडे रुसून बसले आणि ही बाई तिकडे माझ्या देवीकडे जाऊन आपलं काम करून आली! गावातली ख्रिस्ती माणसंही देवीला मानतात हे मी ऐकून होते. मानोत बापडी. पण मी इतकी वर्षं वेण्या वाहिल्या, लाडू वळले, हात भाजून घेतला, आणि देवी पावली कुणाला, तर मोजा विसरणाऱ्या बाईला! वर तिचं ते बोलणं. हात देऊन टाकला. माझ्याकडे देवीला देण्यासारखा एकच हात होता आणि तो मी रोज पट्टीत बांधून, मोज्यात कोंबून, तेल चोळून स्वतःपाशीच धरून बसले होते. देऊन टाकणं तिला सुचलं, मला सुचलं नाही, याचाही मला हेवा वाटला. हात भाजला होता तो वर्षापूर्वी, आता मी सगळीच जळत होते.

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. आमटीत मीठ दोनदा पडलं. हे म्हणाले, "काय झालंय?" मी म्हटलं, "देवीला माणसं ओळखता येत नाहीत." हे निमूट जेवले. यांचा हा एक गुण मोठा आहे.

शेवटी अबोला मी मोडला तो भक्तीने नाही, भांडायला म्हणून. शुक्रवारी दुपारी देवळात गेले. हात जोडले नाहीत. गुरवकाकू समया घासत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, पण मी सरळ मुद्द्यावर आले.

"काकू, पापडीची फिलूबाय येते का हो इथे? लाल लुगड्यातली?"

"इथे? नाही बाई. ती कशाला येईल?"

"देवळात हात दिला म्हणाली मला."

काकूंनी समई खाली ठेवली आणि हसायला लागल्या. "अहो, ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. इतकी वर्षं राहता इथे आणि ठाऊक नाही? आता त्यांच्या मावलीचा, म्हणजे येशूच्या आईचा, सण आलाय, त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, चालू आहे. तिथे गेली असेल."

आम्ही इमारतीतल्या बायका चर्चला चर्च म्हणायचो आणि मला वाटायचं, तीही मंडळी तसंच म्हणत असतील. मी देवीकडे बघितलं. तिच्या केसात कुणीतरी केलेली वेणी होती, कळ्या एकीकडे झुकलेल्या. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती सुटका, की निदान हिने तिचं ऐकलेलं नाही. आणि तिच्या मागोमाग दुसरा हेवा आला, म्हणजे तिची मावली ऐकते आणि माझी माउली ऐकत नाही. मी देवीला स्पष्ट सांगितलं, मी आता तिकडे जाऊन बघते. तुझी हरकत असेल तर तसं कळव. तिने काही कळवलं नाही.

सणाच्या दिवशी मी गेले. यांना सांगितलं, भाजी आणायला जाते. पावसाची सर येऊन गेली होती आणि चर्चच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं लागली होती, खेळणी, काचेच्या बांगड्या, उकडलेल्या शेंगा. नटूनथटून निघालेल्या बायकांत मी एकटी मंगळसूत्र पदराआड करून चालले होते, जणू कुणी हटकणार होतं. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. फाटकापाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या पाट्यांत मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची तान्ही बाळं मांडून ठेवली होती. आणि हात. पिवळसर, गुळगुळीत, मनगटापासून बोटांपर्यंतचे मेणाचे हात.

हात देऊन टाकला म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यात काही मोठं अध्यात्म नव्हतं. ज्याचा जो अवयव दुखतो त्याने तो मेणाचा घ्यायचा आणि मावलीपुढे ठेवायचा. इतकं सोपं! मला तर हुरूपच आला. एका म्हातारीच्या पाटीपुढे मी बसले आणि म्हटलं, "एक हात द्या."

"कोनचा, बाय? उजवा का डावा?"

मेणाच्या हातातही उजवा-डावा असतो हे मला माहीत नव्हतं. नीट बघितलं तर खरंच, अंगठे दोन्ही बाजूंना होते. मी माझा मोजा घातलेला हात पुढे केला. "उजवा."

म्हातारी पाटीत शोधायला लागली. "आज उजव्याला लय मागनी. नोव्हेनाच्या पयल्या दिवशी आमची फिलूबायपन उजवाच घेऊन गेली. मी बोलले, गो बाय, तुझा तर डावा जळला, उजवा काय करते? तर बोलते, माझा नाय गो. तिथे कसरतीला एक बाय येते, तिचा. नाव काय तिचं विचारलं, तर बोलली, नाव कोनाला ठाऊक, मावलीला सांगेन लाडूवाली म्हनून."

आजूबाजूला बँड वाजत होता, लोक माझ्या अंगावरून पाटीत पैसे टाकत होते. मी तशीच उकिडवी बसून राहिले. लाडूवाली. तीन महिने मी त्या बाईचा एकेक सांधा डोळ्यांनी मोजला होता, तिचं मेण, तिची बोटं, तिचा देव, सगळ्यावर नजर ठेवली होती, आणि तिने आपला एकुलता एक नवस माझ्या हातासाठी खर्च केला होता. तिचा डावा हात पाटीतच पडून होता. त्याही क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, की ही बाई याही बाबतीत माझ्यापुढे गेली. मला रडू फुटलं ते त्याच्यानंतर.

म्हातारीला उजवा सापडला. तिने तो पुढे केला.

"डावा द्या," मी म्हटलं.

"डावा? तुझा तर..."

"माझा झालाय आधीच. डावा द्या."

चर्चमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. चप्पल काढू की नको हे कळेना, म्हणून काढून हातात घेतली, मग एका मुलीने हळूच सांगितलं, राहू दे बाहेरच. मावलीपुढे लांब रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मेणाचा हात नक्की कुठे ठेवायचा हे न कळून मी तो दोन्ही तळव्यांत धरला. नमस्कार मला येत नव्हताच. पण मधल्या फटीत तो मेणाचा हात अगदी बरोबर बसला. माझा एक तळवा त्याच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि कितीतरी दिवसांनी मला वाटलं की माझे हात जोडलेले आहेत. मी डोळे मिटले. देवीला हाक मारली की मावलीला, ते मलाच सांगता येणार नाही. म्हटलं, फिलूबायचा हात आहे हा. माझ्याकडे लक्ष नाही दिलंस तरी चालेल, हिचं बघ. माझा हात देऊन टाकला आहे, तुझं तू बघ.

आणि मग माझ्या उजव्या अंगठ्याला काहीतरी लागलं. बारीक, उंच, कडेला गोल. मी बोट पुढे सरकवलं. आणखी एक. तसंच. मला वाटलं मेण चिरलंय. डोळे उघडून बघितलं तर माझा अंगठा मोज्यातून बाहेर आलेल्या टोकाने मेणाच्या बोटांवरून फिरत होता, आणि त्या बोटांना साच्यात कुणीतरी नखं कोरलेली होती. मेण गार होतं. ते गार असल्याचं मला कळत होतं. मागच्या माणसाने म्हटलं, चला बाय, पुढे चला. मी तो हात इतर हातांच्या ढिगात ठेवला आणि बाहेर आले. भाजी घ्यायची राहूनच गेली.

तो चमत्कार होता असं मी म्हणत नाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नस सुटायची वेळ झालीच असेल, इतक्या दिवसांचे व्यायाम आहेत. त्यांचंही खरं आहे. दुसऱ्या दिवशी तांदळात मी किल्ली ओळखली, बटण पुन्हा चुकलं. ऑपरेशन पुढे ढकललं आणि मग लागलंच नाही. फट हळूहळू मिटत आली. नवरात्राच्या पहिल्या माळेला मी देवीच्या पायरीवर उभी राहिले तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी उरली होती. मी हात जोडले. तेवढ्या फटीसकट जोडले, आणि वाट बघायला लावली म्हणून रागावले नाही, कारण वाट तिनेही बघितली होती.

फिलूबायला मी सांगितलं, की मी तुमच्यासाठी डावा दिला. ती जराशी चिडलीच. "कशाला? माझा चालतोय की!" तिची करंगळी आणि शेजारचं बोट शेवटपर्यंत वाकडीच राहिली. मी त्या बोटांकडे बघत होते, हे तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "मी मावलीला बोलले होते, आधी लाडूवालीचं बघ, ती लय जळते." मी हादरले. तिला सगळं दिसत होतं. सुरुवातीपासून.

आता शुक्रवारची वेणी पुन्हा माझी आहे. पूर्वीसारखी एका बैठकीत होत नाही, कळी कुठे बसली हे मधूनमधून डोळ्यांनी बघावं लागतं, आणि बायका कुणाची म्हणून विचारतातच असं नाही. माझ्या भक्तीत काय फरक पडला असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं, की पूर्वी मी हात जोडून मागायची आणि आता हात जोडते. बाकी स्वभाव जायचा नाही. फिलूबायचा हेवा मला अजून वाटतो. मावलीच्या सणाला दरवर्षी म्हातारीच्या पाटीपाशी गेले की कळतं, फिलूबाय येऊन उजवा घेऊन गेली. यंदा मी नोव्हेना सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच जाणार आहे, पाट्या मांडायच्या आधी, म्हातारीच्या घरी. डावा घेऊन ठेवीन, आणि मग पहिल्या दिवशी फाटकाशी उभी राहून फिलूबायची वाट बघेन.